चिंगीचा करदोडा

गेणूशी वाद घालायच्या भानगडीत ठाकरवाडीतलं कुणी पडत नसे. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या पोरीचा विषय निघाला की त्याचं डोकं फिरायचं. "तुजी चिंगी बहिरी हाय," असं कुणी म्हणायचा अवकाश, गेणू हातातलं काम टाकून उभा राहायचा. "बहिरी आसंल तुजी म्हस! माज्या पोरीला समदं कळतंय," असं बजावायचा आणि पुढे कितीतरी दिवस त्या माणसाकडे बघायचासुद्धा नाही.

चिंगीला सगळं कळायचं, हे खरंच होतं. तिला ऐकू येत नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. पण ते गेणूपुढे बोलायची सोय नव्हती. तान्ही होती तेव्हापासून तिचे दोन्ही कान वाहायचे. वलवणच्या धरणावरून डोंगर चढून गेलं की माचीवर ही वाडी, पावसाळाभर धुक्यात आणि ओलीत बुडालेली. तिथे पोरांचे कान वाहतात याचं कुणाला काही वाटायचंच नाही. नाक वाहतं तसा कान वाहतो. लसूण टाकून तेल कढवायचं, कानात ओतायचं, वरून बोळा कोंबायचा आणि कामाला लागायचं, एवढंच त्यावरचं औषध.

चिंगीची आई बाया, ती तेल घालायलाही फार दिवस राहिली नाही. पोर रांगत होती तेव्हा बायाला ताप भरला. झोळीत घालून लोणावळ्याला आणली, तिथून लॉरीने पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेली, आणि तिथून ती परत आलीच नाही. लॉरीत गेणूला जागा नव्हती, तो चालत, विचारत पुण्याला पोचला तोवर सगळं उरकलं होतं. बायकोचं तोंडसुद्धा त्याला शेवटचं दिसलं नाही. तेव्हापासून पुण्याला गेलेलं माणूस परत येत नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

गेणू मोहोळं काढायचा. चैत्र-वैशाखात डोंगराच्या तुटलेल्या कड्यांना आग्या माश्यांची पोळी लटकतात, ती काढायला कमरेला दोर बांधून खाली उतरावं लागतं. वर दोर धरायला त्याचा मेव्हणा हौशीराम असायचा. दोर मेव्हण्यानेच धरायचा, ही वाडीची रीत. आपल्याच बहिणीचं कुंकू पुसायला कुणी दोर सोडत नाही, असा त्यातला विचार. बाया गेली तरी हौशीरामने दोर सोडला नाही. कड्यावर वारा असा असतो की खालच्याची हाक वर पोचत नाही, म्हणून सगळं बोलणं दोरावर चालायचं. एक हिसका दिला की थांब, दोन दिले की सोड खाली, तीन दिले की वर घे.

चिंगी चालायला लागली तशी मामाजवळ जाऊन बसू लागली, दोरावर तळहात ठेवून. खालून हिसका आला की मामाच्या आधी तिला कळायचं, आणि मामा जरा रेंगाळला की ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची. गेणूने मग तीच बोली घरात आणली. पोरीच्या कमरेला काळा करदोडा होता, तोच तिचा दोर. मागून करदोड्याला एक हिसका दिला की ती वळून बघायची, दोन दिले की चालायला लागायची. तिला काही हवं असलं की ती बापाचं बोट ओढायची. तीन हिसके म्हणजे उचलून घे. आठ वर्षांची घोडी झाली तरी बापाने उचलून घ्यावं ही तिची हौस फिटली नव्हती. खरं सांगायचं तर बापाचीही फिटली नव्हती.

कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे वाडीत सगळ्यांच्या आधी जागी झाली ती चिंगी. जमिनीला अंग टेकलेलं, तिला थरथर कळली आणि तिने बापाला ओढून अंगणात काढलं. मडकी फुटली ती नंतर. तेव्हापासून तर गेणूची कॉलर ताठ झाली. "कानवाली समदी घोरत पडली हुती," तो ज्याला त्याला सांगायचा.

या गोष्टीला वर्ष झालं असेल नसेल, तेव्हा केशव मास्तर एक बातमी घेऊन आले. मास्तर वाडीच्या शाळेत एकटेच शिकवायचे, मूळचे तळेगावचे, मनाने फार चांगले. तळेगावच्या इंदिराबाई नावाच्या कानाच्या डॉक्टर डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन पोरांचे कान तपासतात, त्या येत्या रविवारी इकडे येणार होत्या. मास्तरांनी मुद्दाम गेणूला गाठलं.

"गेणू, चिंगीला आण बरं का नक्की. आणि काही झालंच नाही तर पुण्याला बहिऱ्या मुलांची शाळाही आहे. राहणं, जेवण, कपडे, सगळं फुकट. पोरगी तिथे राहून लिहावाचायला शिकेल."

मास्तर चांगल्या मनाने बोलले. पण गेणूला त्यातले दोनच शब्द ऐकू आले, पुणं आणि राहून.

तरी तो रविवारी गेला. कारण कानाचं औषध मिळणार होतं, आणि चिंगीच्या डाव्या कानाला अलीकडे फार घाण वास येत होता. शाळेच्या पडवीत डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, कपाळाला आरसा बांधलेल्या, जीप धरणाजवळ ठेवून डोंगर चढून आल्यामुळे अजून घामाघूम. पोरं त्या आरशाला भिऊन भोकाड पसरत होती आणि बाई प्रत्येकाशी काहीबाही बोलत, हसत, कान पुसून आत बघत होत्या. गेणूला बाई आवडल्या. ही माणसाला फसवणारी नव्हे, असं त्याला वाटलं.

ऐकू येतं का ते बघायची बाईंची पद्धत सोपी होती. पोराला आईबापाच्या मांडीवर बसवायचं. आधी समोर घंटी वाजवून दाखवायची, वाजली की हात वर करायचा हा खेळ शिकवायचा. मग बाई मागे जाऊन घंटी वाजवायच्या, आधी लांबून, मग जवळून. नवशा नावाच्या पोराने एकदाही हात वर केला नाही. बाईंनी मदतनिसाला सांगितलं, "याला न्यायचा. पुण्याला." नवशाची आई घाबरून पदर तोंडाला लावून बसली. गेणूने ते पाहिलं.

मग चिंगी बापाच्या मांडीवर बसली. समोरचा खेळ तिने एका झटक्यात उचलला. घंटी हलली की हात वर. बाई खूश झाल्या. मग त्या मागे गेल्या. घंटी वाजली. चिंगी समोरच्या कोंबड्यांकडे बघत राहिली.

"पुन्हा एकदा," बाई म्हणाल्या. घंटी वाजली, आणि चिंगी कोंबड्याच बघत होती. मदतनीस बाईंकडे बघायला लागला. आता बाई म्हणणार, हिलाही न्यायची. गेणूचा हात पोरीच्या पाठीशी होता, बोट करदोड्यात अडकलेलं, नेहमीसारखंच. तिसऱ्यांदा घंटी वाजली तेव्हा त्या बोटाने आपणहून एक हिसका दिला.

चिंगीने वळून बघितलं. बाप डोळ्यांनी हसला, आणि तिला खेळ कळला. हुशार पोर ती, तिला कळायला काय वेळ! पुढच्या हिसक्याला तिने हात वर केला. त्याच्या पुढच्याला पण. बाई लांब गेल्या, हळू वाजवली, तरी हात वर. चिंगीला मजा वाटू लागली होती. लाजून बरीच पोरं बाईंपुढे बोलत नव्हती, म्हणून ती एक शब्दही बोलली नाही याचं बाईंना काही वाटलं नाही.

"अरे वा!" इंदिराबाई पुढे येऊन तिच्या गालाला हात लावत म्हणाल्या. मग त्यांनी आरशातून बराच वेळ कान पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "गेणूभाऊ, पोरीला ऐकू छान येतंय, हे नशीब. पण कान आतून सडतोय. ऑपरेशन करायला हवं. पुण्याच्या इस्पितळात मला चारच खाटा मिळाल्यात, म्हणून ज्यांचं ऐकणं गेलंय ती पोरं आधी घेते. पुढच्या खेपेला पहिली चिंगी. तोवर हे औषध घाला, कान कोरडा ठेवा, तेल अजिबात घालू नका. आणि कानामागे सूज आली किंवा ताप भरला, तर एक दिवससुद्धा थांबू नका. खाली आणा."

गेणूने मान डोलावली. पोरीला खांद्यावर टाकून तो घरी आला आणि संध्याकाळी चुलीपुढे हौशीरामला सगळं रंगवून सांगितलं. "डाक्टरनीला आशी फशिवली! बोट नुसतं हालवलं, बगा." हौशीराम हसून हसून बेजार झाला. दुसऱ्या दिवशी ही गंमत वाडीभर झाली होती.

आणि मग महिन्याभराने नवशा परत आला.

गेणू अंगणात दोर वळत बसला होता. नवशा डोक्याला पांढरी पट्टी बांधून, हातात बिस्किटाचा पुडा घेऊन आईबरोबर वर आला. कुणी त्याला ठेवून घेतला नव्हता. उलट आईलाही तिथेच झोपायला जागा दिली होती. पुढे पट्टी निघाली, कान सुकला, आणि होळीच्या सुमाराला नवशा मागून हाक मारली की वळायला लागला. त्याची आई दिवसभर त्याला उगीचच हाका मारायची. "नवशा रं! नवशा!" ती हाक गेणूच्या झोपडीपर्यंत यायची, आणि गेणू हातातला दोर खाली ठेवायचा.

आपण काय करून बसलो, ते त्याला तेव्हा कळलं. कळलं, पण बोलणार कुणाजवळ? ज्या माणसाने आठ वर्षं साऱ्या वाडीला माझी पोर बहिरी नाही म्हणून सांगितलं, त्याने आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

वैशाखात चांगलं मोहोळ लागलं. त्यातला मध बाटलीत भरून गेणू लोणावळ्याला उतरला, आगगाडीने तळेगावला गेला आणि इंदिराबाईंच्या दवाखान्यात जाऊन बसला. सगळं सांगून टाकायचं, हे तो वाटेत शंभरदा घोकत आला होता. बाईंनी त्याला लगेच ओळखलं.

"या गेणूभाऊ! चिंगी कशी आहे? औषध घालताय ना?"

"घालतोय की. येक दिस चुकीवला न्हाई." हे खरं होतं. तो कान इतका निगुतीने पुसायचा की आईनेही पुसला नसता.

"मी इथे सगळ्यांना तुमचंच उदाहरण देते," बाई तिथे बसलेल्या बायकांकडे वळून म्हणाल्या. "हे डोंगरातून येतात, बघा, मुलीच्या कानासाठी. असा बाप हवा." मग त्यांनी गेणूला विचारलं, "ऐकू येतंय ना तिला अजून? कमी नाही ना झालं?"

आता सांगायचं होतं. गेणूने तोंड उघडलं. बायका त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या. खोटं बोललो म्हटलं तर ही बाई चिडेल, पोरीचा नंबरच काढून टाकेल, मग काय करायचं? घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला.

"व्हय," तो म्हणाला. "येतंय की."

"मग घाबरू नका. पावसाळा संपला की पहिली तीच."

गेणू मधाची बाटली टेबलावर ठेवून बाहेर पडला. स्टेशनवर गाडी यायला अवकाश होता, तेवढ्या वेळात तो दोनदा उठून दवाखान्याच्या वळणापर्यंत गेला आणि दोन्हीदा माघारी आला.

श्रावणात चिंगीला ताप भरला. डाव्या कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला. गेणू बाईंचं सांगणं विसरला नव्हता. त्याने त्याच घडीला हौशीरामला हाक मारली, घोंगडीची झोळी केली, बांबूत अडकवली. पण डोंगरातला ओढा दुथडी भरून वाहत होता. दुपारपर्यंत ते काठावर पोरीला घेऊन बसले. चिंगी डोकं धरून कण्हत होती, ओकत होती. गेणू तिच्या अंगावर इरलं धरून वाकून उभा होता आणि पाण्याला शिव्या देत होता. पाणी जरा ओसरलं तसे छातीइतक्या पाण्यातून ते पलीकडे गेले.

खाली वलवणचं धरण दिसायला लागलं तेव्हा चिंगीचं कण्हणं थांबलं होतं. गेणूला बरं वाटलं. पुढून हौशीराम, मागून वाडीतून बरोबर आलेला एक जण झोळी वाहत होते, आणि गेणू बाजूने तिचा हात धरून चालला होता. तिचा हात भाजत होता. एकाएकी त्या हाताने त्याचं बोट घट्ट धरलं आणि ओढलं.

एक हिसका. मग दुसरा. मग तिसरा.

"थांब! थांब हौशा!" गेणू ओरडला. "वर घे म्हनतीय!"

झोळी खाली ठेवली. गेणूने पोरीला उचलून छातीशी धरली, आठ वर्षांची पोर, किती हलकी झाली होती. तिने मान त्याच्या खांद्यावर टाकली. त्याने तिच्या करदोड्याला हळूच एक हिसका दिला. मग दुसरा दिला. पुन्हा पुन्हा देत राहिला. हौशीरामने येऊन त्याचा हात धरला तेव्हा तो थांबला.

माती द्यायच्या आधी कमरेचा करदोडा तोडायचा असतो. मेलेल्या माणसाच्या अंगावर तेवढाही दोरा ठेवायचा नाही, अशी रीत. ते काम हौशीराम करणार होता, पण गेणूने त्याला बाजूला सारलं. विळ्याने करदोडा तोडला आणि मुठीत धरला. ती मूठ त्याने दिवस घालेपर्यंत उघडली नाही. त्या साली त्याचा आवाजही बसला. वाडीत कुणाशी वाद घालायचं त्याने सोडून दिलं.

पावसाळा संपला, भात कापून झालं, आणि कबूल केल्याप्रमाणे इंदिराबाई आल्या. पडवीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "चिंगी कुठे आहे? तिला आधी आणा. तिची खाट मी राखून ठेवलीय."

 केशव मास्तरांनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं.  "पण ती ऐकत होती," त्या म्हणाल्या. "मी स्वतः तपासली होती. ऐकत होती म्हणून तर मी तिला मागे ठेवली." कोपऱ्यात खांबाला टेकून बसलेल्या गेणूने ते ऐकलं.

मग काम सुरू झालं. शकुबाई आपला जानू घेऊन पुढे आली. जानू सहा वर्षांचा, त्याचे कान चिंगीसारखेच वाहायचे, आणि त्याला पुण्याला न्यावं लागेल याची शकुबाईला नवशा परत आल्यावरही धास्ती होती. तो आईच्या मांडीवर बसला, समोरचा खेळ शिकला. बाई मागे गेल्या. घंटी वाजली आणि जानूने हात वर केला.

"छान!" बाई म्हणाल्या. पुन्हा घंटी, पुन्हा हात. पण गेणू घंटीकडे बघत नव्हता. तो शकुबाईच्या हाताकडे बघत होता. तिचं बोट जानूच्या करदोड्यात अडकलेलं होतं.

गेणू उठला. कमरेचा विळा काढून तो पोरावर वाकला, आणि कुणाला काही कळायच्या आत त्याने जानूचा करदोडा कापला.

शकुबाईने किंकाळी फोडली. सगळी पडवी उठून उभी राहिली. "मेल्या! जित्या पोराचा करदोडा तोडलास! माजं पोर जितं हाय, गेणूभाऊ, जितं हाय!" ती पोराला कवटाळून रडायला लागली. हौशीरामने गेणूचा विळ्याचा हात पकडला.

"जितं हाय म्हनूनच तोडला," गेणू म्हणाला.  त्याने बंडीच्या खिशातून चिंगीचा करदोडा काढला आणि इंदिराबाईंपुढे टेबलावर ठेवला. "बाई, माज्या पोरीला कवाच ऐकू येत नव्हतं. घंटी तुमी वाजवीत हुता, आन् दोरी मी वडीत हुतो. ह्या शकूला बी मीच शिकवलं. माज्या चिंगीचा करदोडा मी मेल्यावर तोडला. त्यो तवाच तोडाया पायजे हुता."

बाईंनी त्या काळ्या दोऱ्याला हात लावला नाही.  रागावतील असं वाडीला वाटलं, तर त्या गेणूकडे बघून डोळे पुसत होत्या.

"त्याला न्याल न्हवं?" गेणूने विचारलं.

"नेईन," बाई म्हणाल्या. "चिंगीच्याच खाटेवर."

गेणूने रडणाऱ्या शकुबाईचे दोन्ही हात धरून तिच्या गुडघ्यांवर ठेवले. "हात हितंच ठेव, शकू. म्हयन्यानं येतंय त्ये माघारी. नवशा आला न्हाई का?" मग तो बाईंकडे वळला. "वाजवा."

घंटी वाजली.  जानू समोरच्या कोंबड्यांकडे बघत राहिला, आणि त्याचा हात काही वर गेला नाही.